जत्रा नावाचं खातं

आमच्या ऑफिसात एक खातं होतं, त्याचं नाव 'जत्रा'. बँकेतलं नव्हे, संगणकावरचं. ते मी माझ्या हातानं पुसून टाकलं आणि ते बरोबरच केलं, हे आधीच सांगते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मला त्याचा पस्तावा होतोय. मनाला लागून राहिलंय ते वेगळंच आहे.

ऑफिस बेळगावच्या उद्यमबागेत, एका कास्टिंगच्या कारखान्याला लागून, वरच्या मजल्यावर. शेजारी दिवसभर यंत्रांची धडधड, वर आम्ही मोजकी माणसं कानात बोळे घालून बसलेली. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लहान दवाखान्यांना आणि रक्त तपासणाऱ्या लॅबना आम्ही सॉफ्टवेअर पुरवतो. निपाणीत सकाळी कुणी रक्त दिलं की संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर रिपोर्ट येतो, तो आमच्या सर्व्हरवरून जातो. आमचे सर लॅबवाल्यांशी कन्नडात, आमच्याशी मराठीत आणि मोठ्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलतात. घाबरले की तिन्ही भाषा एकाच वाक्यात येतात.

ही सगळी यंत्रणा उभी केली ती अण्णांनी. अण्णा पिरनवाडीचे, पन्नाशी ओलांडलेले, ऑफिसातले सगळ्यांत जुने. सरसुद्धा त्यांना अण्णाच म्हणतात. मी येळ्ळूरची, शेतकऱ्याघरची पोरगी. इंटरव्ह्यूला आले तेव्हा सरांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं धड उत्तर मला देता आलं नव्हतं. सर मला वाटेला लावणार इतक्यात कोपऱ्यातून अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, शिकंल की. बघा की कशी टकामका बघाय लागलीया सगळ्याकडं." माझी नोकरी लागली ती अशी, टकामका बघण्यावर. पुढं शिकवलंही त्यांनीच, न वैतागता. मी मात्र वैतागायची. मला एखादी गोष्ट लगेच कळली नाही की राग येतो आणि कळली की मी ती साऱ्या जगाला दाखवत सुटते. हा स्वभाव नडणार असं आई म्हणायची. तिला वाटायचं सासरी नडेल.

आमचे प्रोग्राम कंटेनरमध्ये चालतात. कंटेनर म्हणजे प्रत्येक प्रोग्रामचा आपापला डबा, त्याला लागेल ते सगळं आत भरलेला. असे पुष्कळ डबे अनेक यंत्रांवर मिळून चालवायचे, एक बंद पडला की त्याच्या जागी दुसरा उभा करायचा, या सगळ्या पसाऱ्याला क्लस्टर म्हणतात. कुठल्या माणसाला आणि कुठल्या डब्याला काय करायची परवानगी आहे, ते नियमांनी बांधलेलं असतं. निदान बांधलेलं असावं अशी अपेक्षा असते.

आता जत्रेचं. उन्हाळ्यात आमच्या भागात आज या गावची जत्रा, परवा त्या गावची. जत्रेची सुट्टी कुणी मागत नाही, नुसती सांगतात. ऑफिसातली निम्मी माणसं यजमान असतात आणि निम्मी त्यांची पाहुणी. मग मागं उरलेल्या एखाद्याच्या गळ्यात सगळं काम पडायचं आणि त्याला नेमकी त्याच कामाची परवानगी नसायची. अशाच एका दिवशी लॅबचे फोन खणखणत होते, मागं उरलेली मी रडकुंडीला आले होते आणि अण्णा कुठल्याशा गावात पंगतीला बसले होते. तिथून उठून आले ते बिचारे. आल्या आल्या त्यांनी एक खातं उघडलं, त्याला क्लस्टरमधलं सगळं करायची मुभा दिली आणि अडीअडचणीला कुणालाही वापरता येईल असं ठेवून दिलं. नाव दिलं 'जत्रा'. "जत्रेपुरतं हाय हां," म्हणाले. जत्रा झाली, खातं राहिलं.

बाकीच्या परवानग्याही अशाच दिल्या गेल्या होत्या. आमच्यात थोरल्या माणसाकडे काही मागायचं तर लिहून मागत नाहीत. लिहिलं म्हणजे परकेपणा झाला. चहाला खाली जाताजाता म्हणायचं, "अण्णा, तेवढं बघा की माझं." ते "व्हय व्हय, करतो" म्हणायचे आणि वर गेल्यावर खरंच करायचे. दिलं कुणी, ते संगणकात राहिलं. मागितलं कुणी, ते चहाच्या गाड्यावर राहिलं.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या लॅब कंपनीनं आमचं सॉफ्टवेअर घ्यायची तयारी दाखवली. त्यांची एक अट होती. समजा, तुमच्या यंत्रणेतला अगदी बाहेरचा एखादा प्रोग्राम कुणी फोडला, तर तिथून तो कुठवर पोचू शकेल, हे तपासून सांगा. सरांनी ते काम मला दिलं. "अण्णांना नको," ते म्हणाले, "त्यांनीच केलंय सगळं, त्यांनीच कसं तपासायचं?" सरांचं म्हणणं रास्त होतं.

नियम सुटे सुटे वाचले तर त्यात काही वावगं दिसत नाही. आमच्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. काकूंच्या घराची किल्ली त्यांच्या दारातल्या कुंडीखाली असते. आता ज्याला काकूंची कुंडी ठाऊक, तो आमच्या घरात शिरू शकतो, आणि आम्ही तर त्याला किल्ली दिलेली नाही. धोका असतो तो या साखळीत. ती साखळी हुडकायला ग्राफ डेटाबेस कामाला येतो. त्यात तक्ते नसतात, ठिपके आणि रेघा असतात. प्रत्येक माणूस, प्रत्येक खातं, प्रत्येक डबा हा एकेक ठिपका. कोण काय करू शकतो ती रेघ. सगळे नियम त्यात ओतले आणि मग विचारलं, की या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत वाट आहे का?

वाट होती. दवाखान्यांनी तक्रार नोंदवायचं आमचं एक पान आहे, जगात कुणालाही उघडता येणारं. त्याच्या डब्याला कशासाठी तरी नवे डबे उभे करायची परवानगी दिलेली होती. नवा डबा उभा करताना तो कुठल्या खात्याच्या नावानं चालवायचा ते निवडता येतं आणि निवडायच्या खात्यांत 'जत्रा' होतं. 'जत्रा' सगळं करू शकत होतं. म्हणजे ते पान ज्यानं फोडलं, तो चार उड्यांत सगळ्या रुग्णांच्या रिपोर्टांपर्यंत. त्यांत माझ्या गावच्या बायकांचे रिपोर्ट होते, माझ्या आईचे होते. घाबरले मी. आणि खरं सांगते, त्याच वेळी इतका आनंदही झाला की मी उठून खाली गेले आणि स्वतःलाच चहा पाजला.

इथं थांबायला हवं होतं. पुण्याला एवढंच हवं होतं.

पण चित्र सुंदर दिसत होतं आणि मला ते आणखी सुंदर करायचं होतं. कुठला नियम कुणी टाकला, त्याची नोंद यंत्रणेत असतेच. कुणी मागितली नव्हती, तरी मी तीही ग्राफमध्ये ओतली. ज्याच्या रेघा जास्त त्याचा ठिपका मोठा, असं ठरवून दिलं. रंग भरले. मधोमध अण्णांचा ठिपका फुगून बसला, बाकीचे आम्ही त्याच्या भोवती मोहरीएवढे. ज्यानं सगळ्यांची नड भागवली तोच सगळ्यांत मोठा. त्या चित्राकडे बघून मला काय वाटायला हवं होतं, ते आता कळतं. तेव्हा मला वाटलं, रंग छान आलाय.

अहवालाच्या शेवटच्या पानावर शिफारशी लिहिल्या. जास्तीच्या परवानग्या काढाव्यात. क्लस्टरवर केलेलं प्रत्येक काम करणाऱ्याच्या नावानिशी नोंदवावं. रजेवर जाणाऱ्यानं आपल्या जागी कोण, ते लिहून मंजुरी घ्यावी. ज्याला क्लस्टरची परवानगी नाही, त्याचं ऑफिसच्या दाराचं कार्ड सुट्टीच्या दिवशी चालू नये. दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहिलं तर वाजावं. हे शेवटचं लिहून मी स्वतःवरच खूश झाले होते.

मीटिंगच्या दिवशी सरांनी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर पुण्याच्या बाईंना जोडलं. आम्ही सगळे टेबलाभोवती, अण्णा माझ्या शेजारच्या खुर्चीत. मी एकेक रेघ समजावून सांगितली. बाई जाणकार होत्या, त्यांना लगेच कळलं. मग त्यांनी विचारलं, हा मधला सगळ्यांत मोठा ठिपका कोणाचा?

मी उगाच पान खालीवर करत राहिले.

"तो मी," अण्णा म्हणाले. शाळेत हजेरीला उभं राहतात तसे उभे राहून म्हणाले.

तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. या रेघा त्यांनी ओढल्या, पण त्यातल्या निम्म्या माझ्या मागण्यावरून ओढल्या, आणि 'जत्रा' तर मीच रडले म्हणून निघालं. एवढंच. बोलायला पाच सेकंदं लागली नसती. मी मूग गिळून बसले आणि पुढचं पान उघडलं. भीती वाटली का? नाही. माझी स्तुती चालली होती आणि मला ती मोडायची नव्हती. हे लिहिताना माझे कान तापलेत.

सरांनी माझ्या सगळ्या शिफारशी लागू केल्या. वर पुण्याची अट आली, की ज्यानं या परवानग्या दिल्या, त्याच्याकडे क्लस्टरचा कुठलाच अधिकार राहू नये. सर अण्णांना केबिनमध्ये घेऊन गेले आणि "तात्पुरतं हं अण्णा, तात्पुरतं," म्हणत बाहेर आले. अण्णांना दवाखान्यांचे फोन घ्यायच्या टेबलावर बसवलं. पगार तोच राहिला. स्वतः बांधलेल्या घराच्या ओसरीवर बसून आल्यागेल्याला पाणी द्यायचं, असं ते काम होतं.

'जत्रा' पुसायच्या दिवशी अण्णा आपणहून माझ्या शेजारी येऊन बसले. मी बटण दाबणार तोच म्हणाले, "थांब गं. रिपोर्ट पाठवायचं काम त्याच्यावरनंच चालतंय. ते आधी दुसऱ्या खात्यावर घे, न्हायतर समद्या लॅबा बंद पडतील." मी घेतलं. "आता पूस." मी पुसलं. त्यानंतर पुसायचं होतं ते त्यांचं स्वतःचं खातं. तेव्हा ते चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवसापासून ते मला मॅडम म्हणायला लागले. टोमणा म्हणून नव्हे, फोनच्या टेबलावरचे सगळे आम्हाला मॅडम आणि सर म्हणतात म्हणून. टोमणा असता तर मी भांडले तरी असते.

या उन्हाळ्यात आमच्या गावची जत्रा आली आणि मी ऑफिसात एकटी राहिले. क्लस्टरची परवानगी आता दोघांनाच. दुसऱ्याची नुकतीच सोयरीक झालेली, त्याला होणाऱ्या सासुरवाडीनं जत्रेला बोलावलेलं. त्यानं माझ्याच नियमाप्रमाणे लिहून अर्ज केला, आपल्या जागी माझं नाव टाकलं आणि मीच तो मंजूर केला. कारखानाही बंद होता. इतकी शांतता मी उद्यमबागेत कधी ऐकली नव्हती.

आईनं दरवर्षीप्रमाणे अण्णांना जेवायला बोलावलं होतं. घरी मी काही सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात अण्णा म्हणजे पोरीला नोकरीला लावणारा माणूस, त्यांना पहिल्या पंगतीला बसवतात. मी नसताना ते जातील असं मला वाटलं नव्हतं. पण जत्रेचं बोलावणं मोडत नाहीत आमच्याकडे.

दुपारी त्यांचा फोन आला. मागं हलगी वाजत होती आणि आमच्या बाबांचा मोठा आवाज येत होता, "ह्येंनीच शिकवलं बघा आमच्या पोरीला, ह्येंनीच!" अण्णा बाजूला सरकले असावेत, आवाज कमी झाला.

"अगं, निपाणीच्या लॅबचा फोन आलता मला. रिपोर्ट जाईनात त्यांचं. एका बाळंतिणीचा रिपोर्ट डॉक्टर कवाधरनं मागाय लागल्यात."

फोनचं काम त्यांच्याकडे, म्हणून लॅबनं त्यांना केला होता. सुधारायची परवानगी माझ्याकडे, म्हणून त्यांनी मला केला. मी बघितलं, रिपोर्टांची रांग तुंबली होती. का, ते दिसेना.

"पेशंटच्या नावात कायतरी भलतीच खूण घातली असंल त्यांनी," अण्णा म्हणाले. "मागंबी दोनदा केलंय. रांगेत पहिलाच रिपोर्ट बघ." तसंच होतं. मीही शोधलं असतं, पण दुपार गेली असती. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. रांग सुटली, बाळंतिणीचा रिपोर्ट गेला.

मग नोंद करायची वेळ आली. काम कोणी केलं, असं विचारणारा एकच रकाना. "अण्णा, तुमचं नाव घालते," मी म्हणाले.

"येडी काय गं तू? मला परवानगी न्हाय. माझं नाव दिसलं तर तूच अडकशील. तुझंच घाल."

मी माझं घातलं. खोटं नव्हतं, बोटं माझीच होती. तरी चोरी केल्यासारखं वाटलं. म्हटलं आता बोलायचंच. "अण्णा, त्या दिवशी मीटिंगमध्ये मी..."

"तुझी आई भाकरी वाढाय लागलीया, ठेवतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ऊन उतरल्यावर पुन्हा त्यांचाच फोन. "खाली ये गं जरा. दार उघडना झालंय."

मी जिना उतरले. काचेच्या दारापलीकडे अण्णा उभे होते, परीटघडीचा पांढरा सदरा, कपाळाला भंडारा, हातात आमच्या घरचा डबा फडक्यात बांधलेला. दुसऱ्या हातात त्यांचं कार्ड होतं. सवयीनं लावून बघितलं असणार. दारावरचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. मी माझं कार्ड लावलं, दार उघडलं.

"आईनं मटण दिलंय. म्हणाली, पोरगी उपाशी असंल."

"आत या अण्णा. चहा टाकते."

"नगो. तुझ्या कार्डावर मी आत आलो असं दिसंल. सुट्टीचा दिवस."

मी डबा घेतला. पायानं दार अडवून तशीच उभी राहिले आणि जे मीटिंगच्या टेबलाशी बोलायचं होतं ते उंबऱ्यात बोलले. त्या चित्रातल्या निम्म्या रेघा माझ्यामुळे होत्या. 'जत्रा' माझ्यासाठी निघालं होतं. तुमचं नाव त्यात कुणीच मागितलं नव्हतं, मी हौसेनं घातलं. सांगायला पाहिजे होतं, मी गप्प बसले.

मला वाटलं ते म्हणतील, जाऊ दे गं. आमच्याकडे थोरली माणसं असंच म्हणतात, आणि मनातून मी त्याचीच वाट बघत होते.

अण्णांनी डब्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाले. "बसलीस खरी गप्प. मला लई वाईट वाटलं बघ." एवढंच. आवाज चढला नाही, की भरून आला नाही.

मी तशीच दार अडवून उभी. तेवढ्यात दार वाजायला लागलं.

अण्णांनी वर बघितलं. का वाजतंय, ते त्यांना विचारावं लागलं नाही. अहवालाचं शेवटचं पान त्यांनीही वाचलं होतं.

"जा, आत जा," ते म्हणाले. "दार लाव."

मी पाय काढला आणि दार लावलं.